फॅनी लू हेमर : एका नावनोंदणीची किंमत

मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स ही नावे आपल्याकडे वस्तीतल्या वाचनालयापासून जयंतीच्या व्याख्यानापर्यंत सगळीकडे घेतली जातात. फॅनी लू हेमर हे नाव त्यामानाने कमी ऐकू येते. बाई सहावीपर्यंत शिकलेल्या. आयुष्याची पहिली ४४ वर्षे दुसऱ्याच्या शेतावर राबण्यात गेली. १४ मार्च १९७७ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर २९ वर्षांनी, म्हणजे २००६ साली, अमेरिकेच्या संसदेने मतदान हक्क कायद्याला २५ वर्षांची मुदतवाढ दिली, तेव्हा त्या मुदतवाढीच्या कायद्याला तीन स्त्रियांची नावे देण्यात आली. त्यात रोझा पार्क्स होत्या, कोरेटा स्कॉट किंग होत्या, आणि सर्वांत पहिले नाव होते फॅनी लू हेमर.

हा कायदा आता कशाला हवा, असा प्रश्न अमेरिकेत बरीच वर्षे विचारला जातो आहे. कृष्णवर्णीय लोक मत देतात, निवडून येतात, त्यांच्यातला एक राष्ट्राध्यक्षही झाला, मग वेगळे संरक्षण कशासाठी? हा सूर आपल्या वाचकांना नवा नाही. आरक्षण असो की ॲट्रॉसिटी कायदा, तोच प्रश्न आपल्यालाही कचेरीत, कॉलेजात, चहाच्या टपरीवर ऐकावा लागतो. त्याचे एक उत्तर आम्हाला हेमर यांच्या आयुष्यात दिसते. म्हणून ते आयुष्य जरा सविस्तर सांगतो.

फॅनी लू यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ रोजी मिसिसिपी राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत झाला. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा मोठा तालुका.) जेम्स आणि लू एला टाउनसेंड यांच्या २० लेकरांतली ती सर्वांत धाकटी. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सनफ्लॉवर काउंटीत आले आणि बटईने कापूस पिकवू लागले. गुलामगिरी कायद्याने संपून अर्धशतक उलटले होते. पण बटईची रीत अशी होती की जमीन मालकाची, बियाणे आणि पीठमीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर आणि हिशेब मालकाच्याच वहीत. हंगाम संपला की अर्धा कापूस मालकाचा. उरलेल्या अर्ध्यातून उधारी वजा केली की माणसाच्या हाती बहुधा पुढच्या सालाचे कर्जच उरायचे. सालगड्याची आणि सावकाराच्या वहीची गोष्ट ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

फॅनी सहा वर्षांची होती. रस्त्याच्या कडेला खेळत असताना मालक गाडी थांबवून म्हणाला की आठवड्यात ३० पौंड कापूस वेचलास तर दुकानातून खाऊ घेऊ देईन. तिने वेचला. खाऊ मिळाला. पुढच्या आठवड्यात तिच्याकडून ६० पौंडांची अपेक्षा झाली. तेराव्या वर्षी ती दिवसाला २०० ते ३०० पौंड वेचू लागली होती. शाळा कापसाच्या सोयीने भरायची, म्हणजे वर्षातून जेमतेम चार महिने. सहावीनंतर तीही सुटली. वाचनाची गोडी मात्र सुटली नाही. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे एका पायाने लंगडत चालणे आयुष्यभर राहिले.

एकदा वडिलांनी पै पै साठवून खेचरे घेतली, गाय घेतली, शेतीची अवजारे घेतली. बटईतून बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ती पहिली संधी होती. एका रात्री जनावरांच्या पाण्याखाद्यात कुणीतरी विष कालवले आणि सगळी जनावरे मेली. काम शेजारच्या गोऱ्याचे होते, असे घरात सगळ्यांना ठाऊक होते. पोलिसात जाण्याचा प्रश्नच नव्हता. कुटुंब पुन्हा बटईवर आले. आई पुढे रानातली झाडेझुडपे तोडताना डोळ्याला इजा होऊन आंधळी झाली.

१९४४ च्या सुमारास फॅनी लू यांचे पेरी हेमर यांच्याशी लग्न झाले. लोक त्यांना पॅप म्हणत. दोघे रूलव्हिल गावाजवळ मार्लो नावाच्या मळेवाल्याकडे राहू लागले. बाईंना लिहिता-वाचता येते हे मालकाला कळले आणि त्याने त्यांना मजुरांची हजेरी आणि वेचलेल्या कापसाचे वजन मांडण्याचे काम दिले. वजनात काटा मारणे ही तिथली रोजची गोष्ट. मालक समोर नसला की फॅनी लू स्वतःजवळचे खरे माप काट्याला लावून मजुराच्या नावावर खरे वजन मांडत. सापडल्या असत्या तर मळ्यावरून हकालपट्टी ठरलेली. त्यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात सगळे १९६२ पासून मोजतात. आम्हाला ती या काट्यापाशी झाली असे वाटते.

१९६१ साली पोटातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी त्या दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरने त्यांना न विचारता त्यांचे गर्भाशयच काढून टाकले. गरीब कृष्णवर्णीय बायकांच्या बाबतीत हे इतके सर्रास होत होते की मिसिसिपीत त्याला एक थट्टेचे नावही पडले होते. मूल होण्याची आशा संपली. हेमर दांपत्याने दोन मुली सांभाळायला घेतल्या होत्या. त्याच त्यांच्या लेकी.

आता १९६२ च्या ऑगस्टकडे येऊ. विद्यार्थी कार्यकर्त्यांची एक संघटना त्या उन्हाळ्यात रूलव्हिलमध्ये आली होती. गावातल्या विल्यम्स चॅपल या छोट्या चर्चमध्ये सभा झाली. त्या सभेत फॅनी लू यांना पहिल्यांदा कळले की आपल्यालाही मतदार म्हणून नाव नोंदवता येते. वय ४४. अमेरिकेच्या राज्यघटनेत पंधरावी दुरुस्ती होऊन, म्हणजे वंशावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही असे लिहून, ९२ वर्षे झाली होती. स्त्रियांना मताचा हक्क देणाऱ्या दुरुस्तीलाही ४२ वर्षे झाली होती. हक्क कागदावर होता. तो आहे ही बातमीसुद्धा मळ्यापर्यंत पोहोचू दिली गेली नव्हती.

हे कसे साधले होते ते नीट पाहिले पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. मिसिसिपीने १८९० साली नवी राज्यघटना केली. त्यात कुठेही काळ्यांना मत नाही असे लिहिलेले नव्हते. लिहिले होते ते असे : मतदाराने पोल टॅक्स, म्हणजे मताची डोईपट्टी, भरलेली असावी. त्याला राज्यघटनेतले कलम वाचता यावे किंवा वाचून दाखवल्यावर समजावून सांगता यावे. ते समजले की नाही हे नोंदणी अधिकारी ठरवेल. पुढे १९५० च्या दशकात नियम आणखी आवळले. वाचणे, लिहिणे आणि अर्थ सांगणे हे सगळेच हवे असे झाले. १९६२ मध्ये भर पडली की अर्ज करणाऱ्याचे नाव स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापावे. हे कशासाठी, तर मालकाला, सावकाराला आणि रात्री बंदूक घेऊन फिरणाऱ्यांना पत्ता सापडावा म्हणून. कायद्याच्या भाषेत वंशाचा उल्लेखही नाही, आणि निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची असलेल्या सनफ्लॉवर काउंटीत मतदार यादीत त्यांची नावे मूठभर.

ही काउंटी साधीसुधी नव्हती. गोऱ्यांचे वर्चस्व टिकवण्यासाठी सिटिझन्स कौन्सिल नावाच्या ज्या संघटना दक्षिणेत उभ्या राहिल्या, त्यातली पहिली १९५४ साली इथल्याच इंडियानोला गावात स्थापन झाली. १४ वर्षांच्या एमेट टिलला १९५५ साली मारहाण करून ठार केले गेले ते याच काउंटीतल्या एका कोठारात. आणि नागरी हक्कांची विधेयके ज्या समितीत अडवून ठेवली जात, त्या सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष जेम्स ईस्टलँड यांचा हजारो एकरांचा मळाही इथेच.

इथे आपल्याकडचा एक संदर्भ देण्याचा मोह आवरत नाही. बाबासाहेब १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी बोलले आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी सर्व प्रौढांना मताचा हक्क मागितला. अशिक्षित माणसाला मताची किंमत काय कळणार, हा आक्षेप त्या काळी मोठमोठे लोक घेत. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३२६ ने शिक्षण, मालमत्ता, कर यातली एकही अट ठेवली नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत उमेदवारांच्या पेट्यांवर चिन्हे होती. अक्षरओळख नसलेली आपली आजी आपली पेटी ओळखून मत टाकून आली. त्याच्या दहा वर्षांनंतर, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, फॅनी लू यांना मतासाठी घटनेच्या कलमावर परीक्षा द्यायची होती.

३१ ऑगस्ट १९६२ रोजी एका जुन्या बसमधून १८ जण रूलव्हिलहून २६ मैलांवरच्या इंडियानोलाला गेले. कोर्टाच्या इमारतीभोवती बंदुका घेतलेली माणसे फिरत होती. पुष्कळ जण बसमधून उतरायला कचरले. फॅनी लू उतरल्या आणि पुढे झाल्या. अर्जात नाव, पत्ता, आणि कोणाकडे काम करता हे लिहायचे होते. मग अधिकाऱ्याने मिसिसिपीच्या घटनेचे कलम १६ पुढे ठेवले आणि ते उतरवून त्याचा अर्थ लिहायला सांगितले. कलम लॅटिन संज्ञेभोवती फिरणारे. त्यांनी ते जसेच्या तसे उतरवले. अर्थ सांगता आला नाही. नापास. येताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा पिवळा रंग शाळेच्या बसशी फार मिळताजुळता आहे. चालकाला १०० डॉलर दंड. बसमधल्या लोकांकडे तेवढे पैसे नव्हते. शेवटी ३० डॉलरवर तडजोड झाली आणि सगळ्यांनी वर्गणी काढून ते भरले. माणसे भेदरली होती. तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी चर्चमधली गाणी म्हणायला सुरुवात केली. तो आवाज फॅनी लू यांचा होता. पुढे सगळा देश त्या आवाजाला ओळखणार होता.

त्या घरी पोहोचण्याआधी बातमी मळ्यावर पोहोचली होती. संध्याकाळी मार्लो दारात आला. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. १८ वर्षांची नोकरी आणि डोक्यावरचे छप्पर त्या एका अर्जावर आले. त्यांनी त्याच रात्री मळा सोडला. पॅपना मात्र हंगाम संपेपर्यंत थांबणे भाग पडले. नंतर त्यांनाही काढले आणि घरातले सामान अडकवून ठेवले. १० सप्टेंबरच्या रात्री, फॅनी लू ज्या घरी आश्रयाला राहिल्या होत्या, त्या घरावर १६ गोळ्या झाडल्या गेल्या. त्या रात्री त्या तिथे नव्हत्या. त्याच रात्री गावातल्या दुसऱ्या एका घरात दोन मुली गोळ्या लागून जखमी झाल्या.

४ डिसेंबरला त्या पुन्हा इंडियानोलाला गेल्या, पुन्हा परीक्षा दिली, आणि पास होईपर्यंत दर तीस दिवसांनी येत राहीन असे अधिकाऱ्याला सांगून आल्या. मधल्या दिवसांत घटनेची कलमे शिकून घेतली होती. जानेवारी १९६३ मध्ये कळले की त्या पास झाल्या. मतदार यादीत नाव लागले! मग ऑगस्टमध्ये मत द्यायला गेल्या तर उत्तर मिळाले की मागच्या दोन वर्षांच्या पोल टॅक्सच्या पावत्या दाखवा. ज्या बाईला दोन वर्षांपूर्वी मताचा हक्क आहे हेच माहीत नव्हते, तिने दोन वर्षांपूर्वीची पावती आणायची होती. नळ नसलेल्या घराला ९,००० डॉलरचे पाण्याचे बिल आल्याचेही त्या सांगत असत. शेजारच्या लेफ्लोर काउंटीत तर नोंदणीची चळवळ सुरू होताच हिवाळ्यात गरिबांना मिळणारे सरकारी धान्यच बंद करण्यात आले होते.

फॅनी लू आता त्या विद्यार्थी संघटनेच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या होत्या. मानधन आठवड्याला १० डॉलर. ९ जून १९६३ रोजी साउथ कॅरोलिनातले प्रशिक्षण आटोपून काही जण बसने परतत होते. विनोना गावच्या थांब्यावर काही जण उपाहारगृहात गेले आणि सर्वांना अटक झाली. तुरुंगात पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांच्या हाती चामड्याचा दंडुका दिला आणि फॅनी लू यांना मारायला लावले. एक थकला की दुसरा. त्यांच्याबरोबरच्यांत एक १५ वर्षांची मुलगी होती, तिलाही मारले. मूत्रपिंड कायमचे निकामी होत गेले, एका डोळ्यात रक्ताची गाठ झाली. १२ जूनला सुटका झाली, आणि बाहेर येताच कळले की त्याच दिवशी पहाटेपूर्वी मेडगर एव्हर्स या मिसिसिपीतल्या कार्यकर्त्याचा त्यांच्या दारात गोळी घालून खून झाला आहे. डिसेंबरमध्ये विनोनाच्या पोलिसांवर खटला चालला. ज्यूरी सगळी गोऱ्यांची. सगळे निर्दोष सुटले. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : ज्यूरीची नावे मतदार यादीतून काढली जात. मत नाही म्हणजे ज्यूरीत जागा नाही, आणि ज्यूरीत जागा नाही म्हणजे न्याय नाही. मताचा हक्क हा पाच वर्षांतून एकदा बटण दाबण्यापुरता नसतो तो असा.

१९६४ साल तर गाजलेच. मिसिसिपीच्या अधिकृत डेमोक्रॅटिक पक्षात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, म्हणून मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी स्थापन झाली. फॅनी लू काँग्रेसच्या जागेसाठी पक्षांतर्गत निवडणुकीलाही उभ्या राहिल्या आणि अपेक्षेप्रमाणे हरल्या. त्या उन्हाळ्यात नावनोंदणीसाठी देशभरातून शेकडो विद्यार्थी आले. त्यातल्या चळवळीतल्या तीन तरुणांचे, चेनी, गुडमन आणि श्वर्नर यांचे, २१ जूनला खून झाले. ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीला पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले. या नव्या पक्षाचे ६८ प्रतिनिधी तिथे जाऊन ठाकले, की मिसिसिपीचे खरे प्रतिनिधी आम्ही आहोत. २२ ऑगस्टला समितीपुढे फॅनी लू यांची साक्ष झाली. सगळे टीव्हीवर थेट. कागद न वाचता त्यांनी मळा सोडल्यापासून विनोनाच्या कोठडीपर्यंत सगळे सांगितले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना हे इतके झोंबले की त्यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली आणि कॅमेरे तिकडे वळले. पण रात्रीच्या बातम्यांत वाहिन्यांनी ती साक्ष पुन्हा दाखवली, आणि दिवसा कामावर असलेल्या लोकांनीही ती पाहिली.

तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या गेल्या. आणि त्या दोन जागांवर कोण बसणार हेही दुसऱ्यांनीच ठरवले. फॅनी लू त्यात नव्हत्या. बऱ्याच मोठ्या नेत्यांचे मत होते की घ्यावे. मिसिसिपीच्या शेतमजुरांनी नकार दिला. आमचा प्रतिनिधी कोणी निवडायचा, हा वाद आपल्या इतिहासात १९३२ साली कुठे आणि कोणात झाला हे वाचकांना सांगायची गरज नाही. चार वर्षांनी, १९६८ च्या शिकागो अधिवेशनात, फॅनी लू अधिकृत प्रतिनिधी म्हणून आत आल्या तेव्हा सभागृह उभे राहिले होते.

मार्च १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर मोर्चावर लाठ्या चालल्या आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा झाला. मिसिसिपीत त्याआधी पात्र कृष्णवर्णीयांपैकी ७ टक्क्यांहून कमी लोकांची नोंदणी होती. १९६७ पर्यंत ती सुमारे ६० टक्क्यांवर गेली. पंधराव्या दुरुस्तीने ९५ वर्षांत जे झाले नाही ते दोन वर्षांत झाले. का झाले?

कारण हा कायदा नुसता हक्क जाहीर करून थांबला नाही. साक्षरतेच्या परीक्षा त्याने बंद पाडल्या. नोंदणी करायला केंद्र सरकारचे अधिकारी पाठवता येतील अशी सोय केली. आणि कलम ५ मध्ये एक असाधारण गोष्ट केली. ज्या राज्यांत अशा परीक्षा होत्या आणि १९६४ मध्ये निम्म्याहून कमी प्रौढ मतदार म्हणून नोंदलेले होते किंवा मतदानाला आले होते, त्या राज्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम बदलायचा तर आधी वॉशिंग्टनमधल्या न्याय खात्याची किंवा तिथल्या न्यायालयाची मंजुरी घ्यायची. बदलामुळे अल्पसंख्याकांचे नुकसान होणार नाही हे राज्याने सिद्ध करायचे. तोवर पीडिताने दाद मागायची, वकील शोधायचा, वर्षानुवर्षे कोर्टात खेटे घालायचे आणि तोपर्यंत निवडणूक होऊन जायची, अशी रीत होती. कलम ५ ने ओझे उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवले.

त्याची गरज किती होती हे मिसिसिपीने लगेच दाखवून दिले. मत रोखता येत नाही म्हटल्यावर मताची किंमत कमी करण्याचे काम सुरू झाले. १९६६ साली विधिमंडळाने काउंटीच्या मंडळाच्या निवडणुका प्रभागाऐवजी संपूर्ण काउंटीतून एकत्र घेण्याची मुभा दिली, म्हणजे कृष्णवर्णीय बहुमताचा प्रभाग गोऱ्या मतांत बुडावा. काही काउंट्यांत शिक्षण अधीक्षकाचे पद निवडणुकीतून काढून नेमणुकीचे केले. अपक्षांच्या उमेदवारीच्या अटी कडक केल्या. आणि कृष्णवर्णीय बहुमताचा जो डेल्टा भाग फॅनी लू यांचा मतदारसंघ होता, त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या काँग्रेस मतदारसंघांत वाटले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की काउंटी निवडणुकीसारखे नियमबदलही कलम ५ खाली येतात. डेल्टातून कृष्णवर्णीय खासदार निवडून यायला मात्र १९८६ उजाडले. माइक एस्पी तेव्हा निवडून आले. फॅनी लू यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती.

त्या स्वतः कोर्टातही गेल्या. सनफ्लॉवर काउंटीच्या नोंदणी अधिकाऱ्यावर त्यांनी लावलेल्या दाव्यात १९६६ मध्ये अपील न्यायालयाने सनफ्लॉवर गावची झालेली निवडणूकच रद्द ठरवली, कारण नुकतेच नोंदलेले कृष्णवर्णीय त्यात मत देऊ शकले नव्हते. १९६७ मध्ये फेरनिवडणूक झाली आणि कृष्णवर्णीय उमेदवार हरले. मळेवाल्यांच्या अन्नावर आणि घरांवर जगणाऱ्या माणसांनी किती धाडस करावे, याला मर्यादा असते. आपल्याकडच्या ॲट्रॉसिटी कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मत देण्यापासून रोखणे किंवा अमुकालाच मत दे म्हणून धमकावणे हा १९८९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. गावात हे कलम का लागते, हे सनफ्लॉवरची गोष्ट वाचून आम्हाला अधिक कळले.

त्याच १९६७ मध्ये त्यांची थोरली लेक डोरोथी आजारी पडली. अंगात रक्त नव्हते, पोटाला अन्न नव्हते. जवळच्या दवाखान्यांनी दाखल करून घेतले नाही. शंभरावर मैल दूर मेम्फिसला नेताना ती गेली. तिच्या दोन लहान मुली आजी-आजोबांनी सांभाळल्या. उपाशी माणसाचे मत मालकाच्या खिशात असते हे फॅनी लू यांनी घरातच पाहिले होते. १९६९ मध्ये त्यांनी ४० एकरांवर फ्रीडम फार्म ही सहकारी शेती सुरू केली. भाजीपाला पिकवायचा, ज्याने राबावे त्याने न्यावा. डुकरांची एक बँकही काढली : कुटुंबाला गाभण मादी द्यायची, पिल्ले झाली की त्यातली काही बँकेला परत, ती दुसऱ्या कुटुंबाला. शेती पुढे ६०० एकरांवर गेली. पण पूर, दुष्काळ, कर्जाचे हप्ते आणि बाईंची ढासळती प्रकृती यांत १९७६ पर्यंत ती जमीन हातची गेली. १९७१ मध्ये त्या राज्याच्या सिनेटसाठी उभ्या राहिल्या आणि तेव्हाही हरल्या. विनोनाचा मार, रक्तदाब, मग स्तनाचा कर्करोग. माउंड बायू या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावच्या रुग्णालयात त्यांचा शेवट झाला.

रूलव्हिलला ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. पुढच्या वर्षी, २५ जून २०१३ रोजी, शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायद्यातले ते सूत्र रद्द केले, ज्यावरून कोणत्या राज्यांनी पूर्वमंजुरी घ्यायची हे ठरत होते. सूत्र जुने झाले, परिस्थिती बदलली, असे बहुमताचे म्हणणे. सात वर्षांपूर्वी संसदेने हजारो पानांची माहिती पाहून, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य मतांनी, फॅनी लू यांच्या नावाने हीच तरतूद पुढे चालू ठेवली होती. कलम ५ पुस्तकात राहिले, पण ते लागू होण्यासाठी कोणी उरले नाही. छत्री आहे म्हणून आपण भिजत नाही, तेव्हा पाऊसच थांबला असे समजून छत्री टाकण्यातला हा प्रकार आहे, असे अल्पमतातल्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचे म्हणणे होते.

पावसाला वेळ लागला नाही. टेक्सासने त्याच दिवशी मतदार ओळखपत्राचा अडवलेला कायदा लागू करत असल्याचे जाहीर केले. नॉर्थ कॅरोलिनाने दोन महिन्यांत ओळखपत्राची सक्ती, आगाऊ मतदानाच्या दिवसांत कपात, मतदानाबरोबरच नोंदणी करण्याची सोय बंद, असा एकत्र कायदा केला. त्याआधी विधिमंडळाने कोणत्या वंशाचे लोक कोणत्या सोयी वापरतात याची आकडेवारी मागवली होती. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने हा कायदा कृष्णवर्णीयांना लक्ष्य करून केलेला होता असे ठरवून रद्द केला. पण त्याला तीन वर्षे लागली. मधली २०१४ ची निवडणूक त्यातल्या बऱ्याच नियमांखाली होऊन गेली, आणि ती कोणी पुन्हा घेतली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी फॅनी लू हेमर यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान जाहीर केला. मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेतले एक कलम, २४१, मात्र अजून चालू आहे. कोणत्या गुन्ह्यासाठी मताचा हक्क कायमचा जाईल याची ती यादी. ती करताना चोरी, फसवणूक असे जे गुन्हे काळे लोक करतात असा समज होता ते घेतले. खून आणि बलात्कार त्यात नव्हते, ते १९६८ मध्ये घातले गेले. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला आपले मत परत हवे असेल तर राज्यपालांची माफी मिळवावी लागते, नाहीतर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत त्या एका माणसाच्या नावाचे विधेयक दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हावे लागते.